मागची जागा

नाशिकची ट्राम बंद पडून दोन-तीन वर्षं झाली असतील. तिच्या जागी स्टेशनापर्यंत मोटारी धावायला लागल्या आणि शहराबाहेरच्या माळांना एकाएकी भाव आला. गावातल्या बोळांत पिढ्यान्‌पिढ्या दाटीवाटीनं राहिलेली माणसं आग्रा रोडच्या पलीकडे बोट दाखवून "तिकडं हवा चांगली" असं म्हणू लागली. त्याच सुमाराला वेणीमाधव गायधनींनी जमीन घ्यायचं मनात आणलं.

गायधनींचं घराणं गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीच्या घाटावरच्या, उपाध्यांचं. यजमान, त्यांची श्राद्धं, त्यांची उतरायची सोय, हे सगळं थोरले बंधू बघत. वेणीमाधव मात्र शाळेत ड्रॉइंग मास्तर झाले होते. डोळ्यांना दिसतं आणि पट्टीनं मोजता येतं तेवढ्यावरच त्यांचा भरवसा. वय चाळिशीला टेकलेलं, मूलबाळ नाही, संसार दोघांचाच. लग्न झाल्यापासून ते आणि मालिनीबाई भाड्याच्या माडीवर राहत होते.

"जिना उतरलं की पायाला आपली माती लागावी, एवढंच माझं म्हणणं," मालिनीबाई म्हणायच्या.

मास्तरांचा बेत त्याहून थोडा मोठा होता. एक शेत घ्यायचं, त्याचे तुकडे पाडायचे, रस्त्याकडचा आपल्याला ठेवून बाकीचे विकायचे आणि आलेल्या पैशात दुसरं शेत बघायचं. हे त्यांना गोटीराम दलालानं शिकवलं होतं. गोटीराम तोंडानं फटकळ पण माणूस सरळ. मास्तर या धंद्यात नवखे आहेत हे ओळखून त्यानं त्यांना रविवार कारंज्याजवळच्या हॉटेलात बसवून धडेच दिले.

"विहीर बघायची वैशाखात, जमीन बघायची श्रावणात. पाणी कुठं नाही आणि कुठं साचतं ते दोन्ही कळतं. आणि चहा आधी शेजारच्या शेतवाल्याला पाजायचा, मग मालकाला. मालक गुण सांगतो, शेजारी खोड्या सांगतो."

मास्तरांनी तसंच केलं. वडाळ्याच्या वाटेला एक लांबट पट्टा होता, रस्त्यापासून मागच्या शेराच्या झुडपांच्या कुंपणापर्यंत गेलेला. एके काळी तिथं पेरूची बाग होती, आता मोजकी झाडं उरली होती. श्रावणात त्यांनी बघितलं, पाणी कुठंच साचत नव्हतं. शेजारच्या शेतवाल्याला चहा पाजला. तो म्हणाला, "जमीन एक नंबर. मी आपला त्या अंगाला फारसा जात नाही." का, ते त्यानं सांगितलं नाही आणि मास्तरांनाही विचारावंसं वाटलं नाही.

जमिनीची मालकीण गुलजारबी म्हणून एक बागवानाची विधवा होती. मुलगा मालेगावला मागावर कामाला लागला होता, त्याच्याकडे जाऊन राहणार होती. बांधावर बसून ती पेरू चिरून देत होती.

"जमीन कशी आहे, गुलजारबी?" मास्तरांनी विचारलं.

"चांगली आहे बेटा. हात आखडणारी नाही."

"मग विकता कशाला?"

"पाय दुखतात. शेवटच्या झाडापर्यंत जाऊन यायचं म्हणजे आता होत नाही."

मास्तरांनी मागे बघितलं. शेवटच्या पेरूवर बसलेले पोपट इथून दिसत होते. म्हातारपण आहे, त्यांच्या मनात आलं, आणि त्यांनी पेरूची फोड तोंडात टाकली. पेरू फार गोड होता.

खरेदीखत झालं. मास्तरांनी मोठ्या हौसेनं नकाशा काढला. मधून एक गल्ली, गल्लीच्या दोन्ही अंगांना मिळून सहा तुकडे, पहिला आपला. रस्त्याला लागून त्यांचं छोटं कौलारू घर उभं राहिलं, पुढे ओटी, ओटीपुढे फाटक, फाटकाबाहेर रस्ता. मालिनीबाईंनी परसात अळू लावलं. बाकीचे पाच तुकडे वर्ष सरायच्या आत गेले. घेणारी माणसंही चांगली मिळाली, नोकरदार, शांत. एकमेकांकडे विरजण मागायला जाणारी.

पाचवा तुकडा विकला त्या दिवशी मास्तर मागे चक्कर मारायला गेले. शेवटच्या घराची भिंत जिथं संपते तिथं शेराचं कुंपण हवं होतं. कुंपण होतं, पण जरा पलीकडे. मधे चांगली सपाट जागा उरली होती, एक घर आरामात बसेल एवढी.

त्यांना आधी स्वतःचाच राग आला. ड्रॉइंग मास्तर म्हणवायचं आणि नकाशात एवढी चूक! घरी येऊन त्यांनी पुन्हा आकडेमोड केली. चूक सापडली नाही. गोटीराम मात्र हसला.

"अहो, नव्या माणसाचं नशीब असतं ते! लोकांची जमीन मोजताना कमी भरते, तुमची जास्त भरली. विका."

तो तुकडा एका निवृत्त पोस्टमास्तरांनी घेतला. ते राहायला आले, त्यांनी दारात जास्वंद लावली, आणि त्यांच्या जास्वंदीच्या मागे पुन्हा तेवढीच जागा निघाली.

या वेळी मास्तरांना राग आला नाही. पोटात एक बारीक गुदगुली झाली, लहानपणी यजमानांनी दिलेला लाडू संपला असं वाटून द्रोणात हात घालावा आणि अजून एक सापडावा, तशी. त्यांनी घरी काही सांगितलं नाही. पण माणूस हिशेबी. दुसऱ्याची जमीन आपल्यात शिरली असली तर पाप आपल्याला लागेल, म्हणून त्यांनी मोजणीदाराला बोलावलं.

मोजणीदार केरूअण्णा साखळी घेऊन आले. त्यांनी आधी बाहेरून, शेजारच्या शेताच्या बांधानं, रस्त्यापासून मागच्या हद्दीच्या दगडापर्यंत मोजलं. सरकारी दप्तराप्रमाणे तंतोतंत. शेजाऱ्याचं शेतही बोटभर कमी झालेलं नव्हतं. मग ते आतून, गल्लीनं मोजत निघाले. मास्तर ओटीवर उभे राहून बघत होते. केरूअण्णा वाकायचे, साखळी ओढायचे, उभे राहायचे, पुन्हा वाकायचे. त्याच दगडापाशी ते पोचले तेव्हा बराच वेळ तिथं उभे राहिले. मग परत आले.

"काय निघालं?"

केरूअण्णा साखळी पिशवीत भरत होते. ती नीट गुंडाळलेलीसुद्धा नव्हती. "साखळी जुनी झालीय माझी."

"पण बाहेरून बरोबर भरली ना?"

"बाहेरून भरली." त्यांनी पिशवीचं तोंड आवळलं.

"चहा घेऊन जा."

"नको. उन्हाच्या आत पोचायचंय." तेव्हा नुकती सकाळ झाली होती.

मालिनीबाईंनी कप परत आत नेला. मास्तरांनी त्यावर खूप विचार केला. कुणाचं काही गेलं नव्हतं. कुणी तक्रार केली नव्हती. घेणाऱ्याला त्याच्या पैशाची पुरी जागा मिळत होती, तीवर घर उभं राहत होतं, विहिरीला पाणी लागत होतं. मग चुकीचं काय? प्रश्न फक्त ती जागा येते कुठून एवढाच होता, आणि त्याचं उत्तर मिळालं नाही म्हणून कुणाची झोप उडत नव्हती. त्यांचीही नाही. उलट इतकी गाढ झोप त्यांना गावातल्या माडीवर कधी लागली नव्हती.

मागचा तो तुकडा रहेमाननं घेतला. रहेमान गावातल्या एका दवाखान्यात कंपाउंडर होता, हसतमुख, हात हलका. त्याची बायको नूरबानो येवल्याची, विणकराच्या घरातली. नवं लग्न झालेलं जोडपं. मास्तरांनी जागा दाखवली तेव्हा नूरबानो मागच्या कुंपणाकडे बघत म्हणाली, "किती मोकळं आहे इथं!"

दिवाळीत मालिनीबाई त्यांच्याकडे फराळाचं ताट घेऊन गेल्या. आल्या त्या ओटीवर बसकण मारून पाय दाबत.

"अहो, केवढं लांब आहे ते!"

"लांब कसलं? ते काय घर दिसतंय," मास्तर म्हणाले. घर खरंच दिसत होतं. निळा दरवाजा, दाराशी बादली.

"दिसतं हो. पण येत नाही लवकर." त्या पुढे म्हणाल्या, "आणि गंमत सांगू? मी अर्ध्या वाटेत होते तर नूरबानोनं दारातून हाक मारली. तोंड हललेलं दिसलं मला. हाक मागाहून आली."

"वारा उलटा असेल."

"असेल," मालिनीबाई म्हणाल्या आणि ताट धुवायला आत गेल्या.

माघ महिन्यात दवाखान्यातून निरोप आला की रहेमान कामावर यायचा थांबलाय, आजारी आहे का बघा. रविवारची सकाळ होती. मास्तरांनी टोपी घातली, छत्री घेतली आणि मागे निघाले.

हवेत गारवा होता. गल्लीच्या तोंडाशी पांडवलेण्याचा डोंगर डाव्या हाताला स्वच्छ दिसत होता. ओळखीची घरं एकेक मागे पडली. कुणी दात घासत होतं, कुणी "मास्तर, या चहाला" म्हणालं. पोस्टमास्तर जास्वंदीला पाणी घालत होते. त्यांच्यापुढे रहेमानचं घर, निळ्या दरवाजाचं. मास्तर चालत राहिले. दरवाजा निळाच होता आणि तेवढाच होता. त्यांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. मागे वळून बघितलं तर पोस्टमास्तर अंगठ्याएवढे झाले होते आणि त्यांच्या झारीतून पडणारं पाणी दिसत नव्हतं.

दरवाजापाशी पोचले तेव्हा मास्तरांचा सदरा पाठीला चिकटला होता. डोंगर मात्र जागचा हलला नव्हता.

"या, या मास्तरसाहेब!" रहेमान धावत बाहेर आला. तब्येत ठणठणीत. गालांवर तेज आलं होतं. "नूर, चहा टाक!"

"अरे, दवाखान्यात का जात नाहीस? डॉक्टर वाट बघतायत."

रहेमाननं कान पकडला. "कळवायला हवं होतं, चुकलंच. जायला-यायला फार वेळ मोडतो साहेब. आणि इथंच काम इतकं निघालं की सांगता सोय नाही. म्हटलं, घरीच बाटल्या मांडाव्यात."

भिंतीशी फळीवर औषधाच्या बाटल्या खरंच ओळीनं मांडल्या होत्या.

"इथं कसलं काम?"

"मागच्या लोकांचं."

"मागचे कोण?"

रहेमान त्यांच्याकडे बघून हसला. मोठ्या माणसानं थट्टा केली की धाकट्यानं हसावं तसा. "तुम्ही वसवलेले, साहेब. आणखी कोण?"

मास्तर उठले आणि मागच्या दारात गेले.

शेराचं कुंपण कुठंच नव्हतं. गल्ली तशीच सरळ पुढे गेली होती. दोन्ही अंगांना घरं होती. कौलारू, बैठी, स्वच्छ. चुलींचा धूर वर चढत होता. दोऱ्यांवर लुगडी वाळत होती. प्रत्येक कोपऱ्यावर एकेक कडुलिंब. मास्तरांनी पहिला नकाशा काढताना पेन्सिलीनं प्रत्येक कोपऱ्यावर लिंब काढला होता आणि जागा वाया जाते म्हणून खोडून टाकला होता.

घरं लहान होत होत गेली होती. जिथं ती दिसेनाशी व्हायला हवीत तिथंही ती दिसत होती.

एक बाई गल्लीतून आली. हातात औषधाची रिकामी बाटली. मास्तरांना बघताच तिनं पदर डोक्यावर घेतला आणि वाकून नमस्कार केला.

"बरं हाय ना, मालक?"

"तू कुठली गं?"

"नामपूरकडची हुते. आता हितलीच."

ती दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तरी लांबचं काही बघावं तसे डोळे बारीक करून ती त्यांच्याकडे बघत होती.

"शेवटचं घर तुझं का?" मास्तरांनी विचारलं.

बाई हसली. "आमी कुठले शेवटचे, मालक? आमच्या मागं लय हायेत."

रहेमान बाटली भरायला आत गेला. नूरबानोनं चहा आणला. कप देताना ती हळूच म्हणाली, "मास्तरसाहेब, इथं काही कमी नाही. शेजार चांगला आहे. फक्त अम्मीला भेटायला येवल्याला जावं म्हणते, पण निघावंसं वाटत नाही. रोज वाटतं, उद्या."

"आत्ता चला माझ्याबरोबर," मास्तर म्हणाले. "आमच्याकडे राहा. मी स्टेशनवर सोडतो."

तिनं क्षणभर रस्त्याच्या दिशेला बघितलं. मास्तरांना वाटलं, येते. मग तिनं चहाची किटली उचलली.

"उद्या," ती म्हणाली.

मास्तर एकटेच परतले. एकदाही मागे वळून बघितलं नाही. पोस्टमास्तरांच्या दाराशी आल्यावर त्यांनी फाटकाला धरून जरा दम खाल्ला.

"रहेमानकडे जाऊन आलात वाटतं," पोस्टमास्तर म्हणाले. "आम्ही आता हातच करतो इथून."

त्याच आठवड्यात मास्तरांनी गोटीरामला सांगून टाकलं, यापुढे तिथली इंचभर जागा विकायची नाही. गोटीरामनं डोक्याला हात लावला. "लोक माझ्या दारात उभे आहेत! परवा दोन कुटुंबं बोचकी घेऊन आली. मी म्हटलं जागा संपली, तर म्हणतात, आम्हाला आत बोलावलंय."

"मग?"

"मग काय, तुमच्या गल्लीनंच गेली. मला वाटलं, परत येतील." गोटीराम पानाचं देठ खुडत होता. "तुम्हाला भेटली नाहीत?"

मास्तरांना कुणी भेटलं नव्हतं. त्यांनी परसाच्या बाजूची खिडकी लावून घ्यायला सुरुवात केली. मालिनीबाईंनी कारण विचारलं तेव्हा मास्तरांनी बघितलं ते सगळं सांगितलं. बाईंनी निवडलेली भाजी बाजूला ठेवून ऐकलं आणि त्या म्हणाल्या, "कुणाचं वाईट तर होत नाहीये ना?"

"नाही. सुखात आहेत सगळे."

"मग आपण आपलं पुढचं दार बघावं. रस्त्यावर आहोत आपण. आपल्याला काय भीती?"

तेही खरंच होतं. मागे काहीही असो, पुढे रस्ता होता. फाटक उघडलं की टांगा, मोटार, शाळा, गाव. दिवस पुन्हा सुरळीत चालले. मास्तरांना शाळेत बढती मिळाली. अळू माजलं. दुपारी मागच्या अंगानं कधी कुटायचा, कधी पाळण्याच्या कड्यांचा आवाज यायचा, फार लांबून, आणि तो आवाज असा घरगुती होता की हळूहळू तो नसला तरच मास्तरांना चुकल्यासारखं व्हायचं. दुसरं शेत घ्यायचा बेत त्यांनी सोडून दिला. आहे ते पुष्कळ आहे, असं ते लोकांना सांगत, आणि मनापासून सांगत.

पुढच्या चैत्रातली गोष्ट. सकाळी ऊन ओटीवर आलं होतं. मास्तर शाळेला निघायच्या आधी चहा घेत बसले होते आणि मालिनीबाई ओल्या फडक्यानं ओटीचा कठडा पुसत होत्या. वडाळ्याच्या रस्त्यावर खडी होती. वैशाखाच्या तोंडाशी मोटार गेली की धुळीचा लोट थेट ओटीवर यायचा, म्हणून त्यांचं हे पुसणं रोजचंच.

त्यांनी फडकं उलटून बघितलं.

"बघा हो," त्या समाधानानं म्हणाल्या, "आठवडा झाला, धूळच बसत नाही."

मास्तरांनी मान वर केली.

फाटक जागेवर होतं. फाटकाच्या पलीकडे कोवळं, कुणी न तुडवलेलं गवत होतं, सपाट. एक घर आरामात बसेल एवढं. त्याच्याही पलीकडे रस्ता. रस्त्यावरून मोटार चालली होती, खच्चून भरलेली. तिचा आवाज येत नव्हता.

"किती छान हिरवं झालंय पुढे," मालिनीबाई म्हणाल्या.

गवतात, फाटकाच्या जरा पलीकडे, दोन बायका पाठमोऱ्या उभ्या होत्या. एक दुसरीला हातानं दाखवत होती, इथं चूल, इथं न्हाणी, इथं दार. दाराचं तोंड ती मास्तरांच्या घराकडे दाखवत होती.